सागरी मासळीचे जतन : उत्क्रांतिशास्त्र काय सांगते?

मुंबईच्या पश्चिम उपनगरात, मालाडच्या खाडीपलीकडे, मढचा चिंचोळा भूभाग समुद्रात शिरलेला आहे. दक्षिणेस खाडीच्या मुखापलीकडे वर्सोवा दिसते. उत्तरेकडे एरंगळ, आक्सा आणि मार्वे ही गावे एकापाठोपाठ येतात. मढ आणि शेजारचे भाटी ही कोळी बांधवांची जुनी वसतिस्थाने होत. डोल जाळ्याने मासे पकडणे, बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळविणे आणि उन्हात जवळा पसरणे या कामांवर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

हा चरितार्थ समुद्रातील मासळीच्या साठ्यावर अवलंबून आहे आणि तो साठा पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरविण्यात आली होती. २०१९ साली हा आकडा २.०१ लाख टनांवर आला. गेल्या पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक चक्रीवादळे झाल्याने मासेमारीचे दिवस घटले, हे खरे. परंतु वादळ येते आणि जाते. पाण्यात मासा किती उरला आणि उरलेला मासा कोणत्या प्रकारचा आहे, हा प्रश्न वादळानंतरही कायम राहतो.

या प्रश्नाचा विचार बहुधा वजनाच्या भाषेत केला जातो. किती टन मासळी पकडली, किती टन उरली, असे गणित मांडले जाते. परिस्थितिविज्ञान व उत्क्रांतिशास्त्र या दोन शास्त्रांनी त्यात आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. जाळ्यातून जो मासा सुटतो आणि पुढची पिढी जन्माला घालतो, तो कोणता? मत्स्यव्यवस्थापनाच्या बहुतेक नियमांचे यश अथवा अपयश या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

डोल जाळ्याची रीत

डोल हे निमुळत्या पिशवीसारखे प्रचंड जाळे असते. समुद्रतळात पक्क्या केलेल्या आधारांना ते बांधून ठेवतात आणि त्याचे तोंड प्रवाहाच्या दिशेने उघडे राहील अशी योजना करतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारी मासळी तोंडातून आत शिरते आणि शेवटच्या खोळ्यात साठते. प्रवाह थंडावला की होडीवरील माणसे खोळा वर ओढून रिकामा करतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी जोराने वाहते, तेव्हा डोलीला मासळी अधिक लागते. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो आणि मासळीही कमी मिळते.

हे जाळे समुद्रतळ खरवडत नाही आणि ते ओढत नेण्यासाठी इंधन जाळावे लागत नाही, ही त्याची जमेची बाजू होय. तथापि त्याची आसे तोंडाकडे मोठी व खोळ्याकडे अतिशय बारीक असतात. जवळ्यासारखा इवलासा जीव पकडायचा असेल तर आस बारीक ठेवावेच लागते. परिणामी जवळ्यासोबत बोंबील, मांदेली, करंदी यांच्याबरोबरच पापलेट, घोळ व इतर मोठ्या होणाऱ्या मासळीची पिल्लेही खोळ्यात येतात. शहरातून खाडीमार्गे वाहून आलेले प्लास्टिक आसांवर चिकटले की लहान जिवांची सुटण्याची उरलीसुरली वाटही बुजते.

एका जिवाचा दुसऱ्याशी संबंध

समुद्रातील प्रत्येक जीव कोणाचे तरी भक्ष्य असतो वा कोणाचा तरी भक्षक. मढसमोरच्या पाण्यात जवळा सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म प्राणी व कुजका सेंद्रिय गाळ यांवर जगतो. बोंबील जवळा, करंदी, मांदेली आणि प्रसंगी स्वजातीची पिल्लेही खातो. घोळ, वाम, मुशी हे त्याहून मोठे शिकारी होत. या परस्परसंबंधांस अन्नजाल म्हणतात. जाळ्यातील एक गाठ सैल केली तर इतर दोऱ्यांवरचा ताण बदलतो, तसेच येथेही घडते.

मोठे शिकारी मासे आधी संपतात, कारण त्यांना भाव अधिक असतो व ते संख्येने थोडे असतात. त्यांची संख्या घटली की त्यांचे भक्ष्य असलेले लहान जीव काही काळ वाढू शकतात. बंदरावर उतरणाऱ्या मासळीचे एकूण वजन मग फारसे घटलेले दिसत नाही. मात्र घोळ आणि दाढ्याच्या जागी जवळा व मांदेली यांचे प्रमाण वाढलेले असते. मासेमारी अशा रीतीने अन्नजालाच्या वरच्या थरातून खालच्या थराकडे सरकत जाते, याकडे डॅनिएल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जगाचे लक्ष वेधले. म्हणून केवळ एकूण टनांच्या आकड्यावर समाधान मानणे धोक्याचे ठरते. त्या टनांत कोणती जात किती व कोणत्या आकाराची, याची नोंद त्याहून मोलाची आहे.

जाळे हीसुद्धा एक निवड

शेतकरी पुढील हंगामासाठी बियाणे राखताना शेतातील सर्वांत भरदार कणसे बाजूला काढतो. किडके, बारीक दाणे तो खाण्यात वा गुरांच्या चाऱ्यात घालतो. असे पिढ्यान् पिढ्या केल्याने पिकाची प्रत सुधारते. चार्ल्स डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला, तेव्हा शेतकऱ्याच्या व पशुपालकाच्या याच रीतीपासून त्याने आपल्या विवेचनास प्रारंभ केला होता. एकाच जातीच्या व्यक्तींमध्ये फरक असतात. त्यांतील काही फरक आनुवंशिक असतात. ज्या फरकामुळे जीव तगतो व अधिक संतती निर्माण करतो, तो फरक पुढील पिढ्यांत वाढत जातो.

समुद्रात माणूस नेमके उलटे करीत असतो. भरदार मासा तो बाजारात पाठवितो आणि आसातून निसटलेला बारीक मासा बियाण्यासाठी मागे राहतो. ज्या माशाची वाढ मंद आहे, अथवा जो लहान असतानाच अंडी घालून मोकळा होतो, त्याचीच संतती अधिक उरते. ही निवड कोणी हेतुपुरस्सर करीत नाही, परंतु ती प्रत्येक खेपेस होत असते.

अमेरिकेतील डेव्हिड कॉनोव्हर व स्टीफन मंच या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. अटलांटिक किनाऱ्यावर मिळणारा सिल्व्हरसाइड नावाचा लहान मासा त्यांनी टाक्यांमध्ये वाढविला. काही टाक्यांतून प्रत्येक पिढीतील सर्वांत मोठे ९० टक्के मासे काढून घेतले, काही टाक्यांतून सर्वांत लहान ९० टक्के काढले, तर उरलेल्या टाक्यांतून आकार न पाहता तेवढेच मासे काढले. प्रारंभी मोठे मासे काढणाऱ्या टाक्यांतून अर्थातच अधिक वजन मिळाले. पण चार पिढ्यांनंतर चित्र पालटले. लहान मासे काढलेल्या टाक्यांतील माशांचे सरासरी वजन मोठे मासे काढलेल्या टाक्यांतील माशांच्या जवळजवळ दुप्पट झाले होते. २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे हीच निवड थांबविल्यावर मासे पुन्हा मोठे होऊ लागले, परंतु झालेली हानी भरून येण्यास ती होण्यास लागला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, हेही याच संशोधनातून स्पष्ट झाले.

खुल्या समुद्रातील उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाचे आहे. शतकानुशतके चाललेली ही मासेमारी कॅनडा सरकारला जुलै १९९२ मध्ये बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार बुडाला. साठा कोसळण्यापूर्वीची काही वर्षे तेथील कॉड पूर्वीपेक्षा कमी वयात आणि लहान आकारात प्रजननक्षम होऊ लागला होता, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे धोक्याची सूचना माशाच्या शरीरातच मिळत होती. ही बंदी उठण्यास २०२४ साल उजाडावे लागले. तेव्हाही पूर्वीच्या मानाने अगदी अल्प प्रमाणात मासेमारीस मुभा देण्यात आली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारात लहान मासा दिसला की तो उत्क्रांतीचाच परिणाम, असे मानता येत नाही. वाढ पूर्ण होण्यापूर्वीच मासा पकडला गेला असेल, भक्ष्य अपुरे असेल अथवा पाण्याचे तापमान वाढले असेल, तरीही मासा लहान मिळतो. ही कारणे दूर केल्यास काही हंगामांत सुधारणा दिसते. आनुवंशिक बदल मात्र एकदा रुजला की त्यास पालटण्यास अनेक पिढ्या लागतात. लहान वयात पकड थांबविणे तातडीचे आहे ते एवढ्यासाठीच. पहिला रोग बरा करताना दुसराही टळतो.

प्रत्येक जातीचा संसार निराळा

एखाद्या जिवाने आपले बळ स्वतःच्या वाढीसाठी किती वेचावे आणि संततीसाठी किती, हा उत्क्रांतिशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याची सुसंगत गणिती मांडणी करणाऱ्या आद्य निबंधांपैकी एक पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी विल्यम बॉसर्ट यांच्यासमवेत १९७० साली प्रसिद्ध केला, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावी अशी गोष्ट होय. मोठ्या वयात मरणाची शक्यता जास्त असेल तर लवकर प्रजनन करणाऱ्यास लाभ होतो, आणि मोठे होऊन जगण्याची शाश्वती असेल तर वाट पाहणाऱ्यास, असा या विचाराचा गाभा आहे.

या दृष्टीने मढच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीकडे पाहिले तर तिच्यातील फरक उलगडतो. जवळ्याचे आयुष्य महिन्यांत मोजावे इतके अल्प असते. तो झपाट्याने वाढतो व विपुल संतती देतो. त्याचा साठा घटला तरी लवकर भरून येतो. घोळ हा मीटरभराहून मोठा होणारा मासा आहे. त्याला मोठे होण्यास वर्षे लागतात, आणि त्याच्या पोटातील बोताला परदेशी बाजारात मोठी किंमत मिळत असल्याने मोठा घोळ शोधून पकडला जातो. मुशी अंडी घालीत नाही, ती एका वेळी मोजक्या पिल्लांना जन्म देते. अशा जातीचा साठा एकदा खालावला की वर येण्यास दीर्घ काळ लागतो.

शिंगाळ्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. या माशाची मादी थोडीच पण मोठी अंडी घालते आणि नर ती अंडी तोंडात धरून पिल्ले बाहेर पडेपर्यंत सांभाळतो. त्या काळात तो काही खात नाही. थोड्या संततीची मोठी काळजी, असा हा संसार आहे. १९८० च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी अंडी सांभाळणाऱ्या नरांचे थवेच्या थवे उचलले. एका खेपेत बाप आणि पुढची पिढी अशी दोन्ही गेली. शिंगाळ्याची मासेमारी त्यानंतर ढासळली.

मुंबईच्या समुद्रानेही असा अनुभव घेतला आहे. वाळूत राहणाऱ्या चपट्या जातीचा शेवंड १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या ट्रॉलर नौकांना वर्षाकाठी शेकडो टन मिळत असे. १९९४ च्या सुमारास तो मासळीतून जवळजवळ नाहीसा झाला. शेवंडाची मादी आपली अंडी पोटाखाली वागविते. ट्रॉल जाळे तळ खरवडीत जाते तेव्हा अंडीवाल्या माद्यांना सुटण्याची संधी राहत नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात याच कारणास्तव अंडी असलेल्या मादीच्या शेपटीस खूण करून तिला पाण्यात परत सोडतात, आणि लहानांप्रमाणेच फार मोठे शेवंडही पकडण्यास मनाई आहे.

फार मोठ्यांना अभय कशासाठी, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. मोठी मादी लहान मादीपेक्षा आकाराच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहूनही कितीतरी अधिक अंडी देते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार कॉडची ३० किलो वजनाची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढ्यासाठी २ किलो वजनाच्या २८ माद्या लागतात. एक मोठी मादी मारली म्हणजे केवळ एक मासा कमी झाला, असा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरतो.

प्रचलित नियम आणि त्यांमागील शास्त्र

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली अस्तित्वात आला आणि २०२१ साली त्यात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी पाळली जाते. पर्ससीन जाळ्यांची संख्या, क्षेत्र व हंगाम यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने मर्यादा घालण्यात आल्या. २०२३ साली रुपेरी पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून ५४ जातींसाठी पकडीची किमान लांबी ठरविण्यात आली. रुपेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर, तर बोंबिलासाठी १८० मिलिमीटर आहे.

या नियमांची तपासणी वरील तत्त्वांच्या आधारे केल्यास प्रत्येकाचे बळ व मर्यादा दिसून येतात.

पावसाळी बंदी ही काळाची राखीव जागा होय. अनेक जातींचे प्रजनन पावसाळ्यात वा त्याच्या आगेमागे होते. त्या वेळी जाळे बंद असल्याने लहान-मोठे सर्वच मासे वाचतात आणि आकारावरून होणारी निवडही थांबते. कोळी समाजात नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मग होडी पाण्यात लोटण्याची प्रथा आहे. खवळलेल्या समुद्रापासून माणसाचे रक्षण हा तिचा एक हेतू असला, तरी मासळीलाही तिचा लाभ होत आला आहे.

किमान लांबीचा नियम प्रत्येक माशाला निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी या विचारावर आधारलेला आहे. पिल्लांची कत्तल थांबविण्यास तो अत्यंत आवश्यक आहे. मात्र त्याच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक म्हणजे डोलीच्या खोळ्यातून वर आलेले पापलेटचे पिल्लू बहुधा मेलेले असते. बंदरावर फूटपट्टी लावून ते जिवंत होत नाही. त्यामुळे हा नियम बाजारातील मागणीला आळा घालतो, पण पिल्लू वाचवायचे तर ते जाळ्यात शिरण्यापूर्वीच वाचवावे लागते. दुसरी मर्यादा अशी की, विशिष्ट लांबीच्या वरचे सर्व मासे पकडण्यास मोकळीक राहिली, तर मोठे होणाऱ्यांवरचा दाब तसाच राहतो. म्हणून या नियमास अन्य उपायांची जोड हवी.

आसाच्या आकाराचा नियम मुळावर उपाय करतो. ट्रॉल जाळ्याच्या खोळ्यास चौकोनी आस लावल्यास ओढ बसली तरी ते उघडे राहते, तर शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ओढीसरशी मिटते. डोलीच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. सर्व डोलींना मोठे आस सक्तीचे केले तर जवळा मिळणार नाही, आणि जवळा हे तर लवकर भरून येणारे व गरिबाच्या ताटातले अन्न आहे. शिवाय जवळा वाळवून विकणाऱ्या कोळी भगिनींचा रोजगार त्यावर चालतो. येथे जातिनिहाय विचार उपयोगी पडतो. जवळ्याचा हंगाम आणि पापलेट वा घोळ यांच्या पिल्लांचा हंगाम हे नेमके कोठे जुळतात व कोठे वेगळे पडतात, हे पाहून ठरावीक आठवड्यांपुरती वा ठरावीक जागांपुरती बारीक आसाची डोल बंद ठेवणे, हा सरसकट बंदीपेक्षा अधिक शास्त्रीय व न्याय्य मार्ग ठरतो. हे केव्हा व कोठे करावे, याचे ज्ञान उधाण-भांगाचे गणित जाणणाऱ्या कोळ्यांपाशी आहे. त्याला मोजमापाची जोड देण्याचे काम संशोधन संस्थांचे. मढच्या समोरच वर्सोव्यास १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, ही सोय लहान नव्हे.

समुद्रातील देवराया

सह्याद्रीच्या गावोगावी देवाच्या नावाने राखलेल्या रायांतून फांदीही तोडली जात नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्या दुर्मीळ वनस्पतींचे आश्रयस्थान असल्याचे दाखविले. आजूबाजूचे रान तुटले तरी बियाणे येथे शिल्लक राहते.

समुद्रात हेच तत्त्व लागू पडते. मासेमारी पूर्णतः वर्ज्य असलेल्या क्षेत्रात मासा मोठा व वयस्क होऊ शकतो. जाळ्याची निवड तेथे पोचत नसल्याने जलद वाढणारे, उशिरा प्रजनन करणारे वाण टिकून राहतात. त्यांची अंडी व पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेरच्या पाण्यात जातात आणि तेथील साठ्यास हातभार लावतात. महाराष्ट्रात मालवण येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. असे क्षेत्र ठरविताना स्थानिक मच्छीमारांची संमती मिळविणे आणि त्यांचा बुडणारा रोज भरून काढणे अगत्याचे आहे. ज्यांच्या पोटावर पाय येतो त्यांना विश्वासात न घेता आखलेली सीमा नकाशावरच राहते.

मढला लाभलेले एक नैसर्गिक आश्रयस्थान म्हणजे मालाडच्या खाडीतील तिवरांचे रान. तिवरांची पाने गाळात कुजून सूक्ष्म जिवांचे अन्न होतात आणि मुळांच्या गुंत्यात कोळंबी, खेकडे व अनेक माशांची पिल्ले मोठ्या शिकाऱ्यांपासून दडून वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाद्वारे तिवरांच्या तोडीस मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचा निर्णय दिला. राज्याच्या वन विभागाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. येथेही शास्त्र एक सावधगिरीची सूचना देते. तिवरे तोडली नाहीत, पण भराव टाकून त्यांच्याकडे येणारे भरतीचे पाणी अडविले, तर रान हळूहळू मरते. झाडांची संख्या मोजण्याबरोबरच पाण्याची ये-जा अबाधित आहे की नाही, हे पाहणे म्हणून आवश्यक ठरते.

गावपातळीवरील कार्य

या सर्व विवेचनाचा उपयोग केवळ मंत्रालयात वा प्रयोगशाळेत व्हावा, असे नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. मढ बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत येत असल्याने तेथे ही जबाबदारी महानगरपालिकेची आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनारी गावांत ती ग्रामपंचायतींची आहे. या नोंदवहीत माशांच्या नावांची यादी देऊन थांबू नये. कोणत्या महिन्यात कोणत्या माशाची पिल्ले दिसतात, अंडीवाल्या माद्या केव्हा येतात, पूर्वी मिळणारी कोणती जात आता मिळत नाही, या गोष्टी वयोवृद्ध कोळी स्त्री-पुरुषांकडून विचारून टिपल्या तर बंदीचे आठवडे व राखीव जागा ठरविण्यासाठी तो आधार होईल.

शिक्षकांनाही यात मोठा वाव आहे. बंदरावर येणाऱ्या बोंबिलांपैकी पन्नासांची लांबी दरमहा मोजून आलेख काढण्यास फूटपट्टी व वही एवढेच साहित्य लागते. वर्षभराचा आलेख फळ्यावर मांडला की मासळीच्या वाढीचा हंगाम विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि दहा वर्षांचे आलेख शेजारी ठेवले तर गावाला आपल्या समुद्राची प्रकृती कळेल. नैसर्गिक निवडीचा पाठ शिकविण्यासाठी दूरच्या बेटांवरील पक्ष्यांचीच उदाहरणे घ्यावी लागतात, असे नाही. तो पाठ गावच्या धक्क्यावर रोज मांडलेला असतो.

प्रशासनाच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. मासळीच्या एकूण वजनाबरोबर तिची जात, लांबी व प्रजननावस्था यांची नोंद व्हावी. एकच नियम सर्व जातींना व सर्व जाळ्यांना न लावता प्रत्येकीच्या जीवनक्रमानुसार तो आखला जावा. आणि नियमामुळे येणारा भार लहान मच्छीमारावर एकट्यावर पडू नये. बंदीच्या काळात त्याला आधार मिळाला, आणि मोठ्या यांत्रिकी नौकांकडूनही तेच नियम तितक्याच कसोशीने पाळले गेले, तर बारीक आसाची डोल काही आठवडे गुंडाळून ठेवण्यास तो राजी होईल. शेतकरी ज्या दूरदृष्टीने बियाण्याचे कणीस राखतो, ती दूरदृष्टी किनाऱ्यावरही आहे. मात्र आज राखलेली मासळी उद्या आपल्याच जाळ्यात येईल, याची खात्री त्याला मिळाली पाहिजे. ती खात्री देणे हे शासनाचे, स्थानिक संस्थांचे आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे संयुक्त कर्तव्य आहे.